कोरड्यांची बारी

दसाराम,

तुझ्या दहाव्याला मी कावळ्याला चप्पल फेकून मारली. गावात सध्या तेवढंच बोललं जातंय. मास्तराचं डोकं फिरलं, म्हणतात. फिरलंच आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "मास्तर, पाखरावर कायले राग काढून राहिले जी तुमी?" आणि मी तुझ्यावरच उखडलो असतो. आता तू नाहीस, म्हणून लिहून भांडतो. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तसंही तुझ्याकडून उत्तर यायचं नव्हतंच.

तीन दिवसांच्या तापात गेलास, आणि तेही चैत्रात. अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातलेली, सगळ्या गावाला त्याच वासाची गुंगी. वर्षात ह्याच महिन्याला तू सगळ्यांत जास्त भ्यायचास. बाजारात जायचं तर खांद्यावरचा पंचा नाकाला लावून जायचास, आणि कुणी विचारलं तर सर्दी झाली म्हणायचास. दरवर्षी चैत्रात सर्दी. निदान मरायला तरी दुसरा महिना बघायचा होतास.

दहाव्याला काय झालं ते तुला सांगतो. तू तिथं होतास असं सगळे म्हणतात, मला तसं वाटत नाही.

तलावाच्या पाळीखाली, पाण्याच्या काठाशी पिंड मांडला. पारबतावैनीनं तुझ्या आवडीचे उडदाचे वडे केले होते. कावळा चिंचेवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. आधी तुझा थोरला पुढे झाला, "बाबा, धाकटीचं लगन मी करून देईन." कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला की पाण्यावरून कुणाशी भांडणार नाही. तरी नाही. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. मी हात जोडले आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो, "दसाराम, आपली मंगळवारची बारी बंद पडू देणार नाही." मला इतकी खात्री होती, की बोलून झाल्यावर मी मागं सरकून कावळ्याला वाट करून दिली. त्यानं मान वळवून दुसरीकडे बघितलं.

ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात दरेकशाहून आलेला तुझा मेहुणा रडत रडत उठला आणि म्हणाला, "दाजीच्या जिवातली वस्तू काऊन नाई ठेवत गा कोनी?" त्यानं पिशवीतून बाटली काढली, पळसाच्या द्रोणात मोहाची दारू ओतली आणि पिंडाशेजारी ठेवली. तो मागं फिरतो न फिरतो तोच कावळा खाली उतरला. मी नीट पाहिलं दसाराम, त्यानं वडा उचलला. द्रोणाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पण ते बघायला थांबलंय कोण? सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला, आणि मागून कुणीतरी बोललं, "आठ वर्सं दाबून ठेवलं गा बिचाऱ्यानं. मेल्यावर बोलला." लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेनं हसले. त्या मायेच्या हसण्यावर मी चप्पल काढली.

मेहुण्यावर राग धरता येत नाही. त्यानं प्रेमानंच केलं, आणि त्याच्या डोळ्यांचं पाणी खरं होतं. गावावर धरावा, तर गावाला काय माहीत. फिरून फिरून राग तुझ्यावरच येतो. कारण लोक बोलले ते खोटं नव्हतं. तुला दारू हवी होती. रोज हवी होती. ते मला माहीत होतं, बारीतल्या आपल्या सातही जणांना माहीत होतं, आणि तुझ्याच नियमानं आमची तोंडं शिवलेली होती.

आठव ना, कसे होतो आपण. गावातले दोन नामांकित दारुडे. मी वर्गात फळ्याला टेकून झोपलो आणि पोरांनी माझ्या टोपीत खडू भरून ठेवले, ते नेमके साहेब तपासणीला आलेले असताना. शाळा सुटली ती सुटलीच. तू गावाचा पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती, हे तू सांगायचास आणि अख्खं गाव ऐकायचं. तुझ्या आजा-पणजाच्या हातचा तो तलाव. त्याच्या तुडुमावर, पाणी सोडायच्या त्या दारावर, तू भर दुपारी पिऊन पडलास. धान निसवायला आलेलं. दार उघडं राहिलं, पाणी नाल्याला गेलं, आणि टोकाच्या बांध्यांना, अगदी शेवटच्या शेतांना, थेंब पोचला नाही. त्या टोकाच्या बांध्या ज्यांच्या होत्या, त्यांनी त्या वर्षी तुझ्या घरापुढून जायचं सोडलं. गावानं तुडूम तुझ्या भावाकडे दिलं.

शपथा आपण काय थोड्या घेतल्या? मी देवीपुढे घेतली, तू पाण्यात उभं राहून घेतलीस. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतल्या, आणि त्या मोडताना त्याच पोरांची आठवण काढून रडत रडत प्यायलो. माझ्या बायकोनं गळ्यात माळ घातली, ती मी भट्टीच्या बाहेर खुंटीला अडकवून आत जायचो. बाहेर आलो की परत घालायचो. तू हे बघून हसला होतास, आणि मी तुला शिव्या दिल्या होत्या. तू मला शिव्या द्यायचास त्या मात्र 'तुमी' लावून. इतका प्यालेला असायचास, पण मास्तराला 'तू' म्हणायचा नाहीस. तेव्हा मला त्याचंही हसू यायचं. आता त्या 'तुमी'साठी जीव कासावीस होतो.

मग त्या दुपारी, पाळीवर, दोघांच्याही खिशात काही नाही, अशा वेळी तू बोललास. मला शब्दनशब्द पाठ आहे.

"मास्तर, पान्याची बारी कोन राखते? ज्याची बारी असते तो?"

"अर्थात तोच."

"नाई जी. तो तं झोपते. त्याच्या मागं ज्याची बारी असते ना, तो जागते. काऊन का, पयल्यानं पानी सांडलं तं दुसऱ्याचं धान मरते. आपली राखन आजवर कोन करून राहिलं होतं? बायको, माय, देवी. ते सारे साधे मानसं. त्याइले आपली चोरी कशी समजन? दारुड्याची राखन दारुड्यानं कराव लागते. तुमी माही करा, मी तुमची करतो."

मी तेव्हा तुला म्हणालो, की दोन बुडणाऱ्यांनी एकमेकांना धरलं तर दोघंही जातात. तू म्हणालास, "तं मंग जाऊ. तसे बी चाललोच आहो." आणि त्याच मंगळवारी बाजाराला जाताना तू माझ्या मागं चालत राहिलास. भट्टीच्या वळणाला माझी पावलं मंदावली की खाकरायचास. येताना मी तुझ्या मागं. त्या पहिल्या मंगळवारी मला तुझ्या त्या खाकरण्याचा इतका संताप आला होता, की घरी जाऊन मी पाण्याचा हंडा लाथेनं उडवला. पण प्यालो नव्हतो.

पुढे न्हावी आला, मग गाडीवान, मग सुतार. प्रत्येकाला आपण एवढंच सांगितलं, की तुझ्या मागं कोण चालणार आणि तू कुणाच्या मागं. मंगळवारी बाजार भरायच्या आधी चिंचेखाली बसायचं. शेतांना पाणी मिळतं तशाच ओळीनं बोलायचं. उपदेश नाही, भजन नाही, कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. फक्त दोन गोष्टी सांगायच्या: मन झालं का, आणि पेलो का. गावानं आपल्याला नाव ठेवलं, 'कोरड्यांची बारी'. चिडवायलाच ठेवलं होतं. तू ते उचललंस आणि मिरवलंस.

ओळीत तू स्वतःसाठी टोकाची जागा घेतलीस. मी म्हटलं, सुरू तू केलंस, पहिला तू बस. तू मान हलवलीस. "ज्याइचं पानी मी मारलं, त्याइच्या जागी बसतो." मी तुला तिथं बसू दिलं. अडवायला हवं होतं.

आणि मग तुझे ते दोन नियम. पहिला, खरं बोलायचं. दुसरा, पाळीवरचं पाळीवरच राहील, घरी बायकोलाही सांगायचं नाही. दोन्हींवर आपण आठ वर्षं भांडलो. दर मंगळवारी टोकावरून तुझं एकच वाक्य यायचं, "मन झालं. नाई पेलो." एकदाही त्यात फरक नाही. मी तुला बाजूला घेऊन सांगायचो, की नवा माणूस हे ऐकून खचतो, इतक्या वर्षांनी दसारामला अजून होतं म्हणजे आपलं काय. दुसरं काहीतरी सांग, सुटली म्हण. तू म्हणायचास, "मंग खोटं सांगू काय जी? तो घरी जाईन, त्याले मन होईन, आनि तो समजन का त्याच्यातच काई खोट आहे. मंग तो येनार नाई."

तो गोंदियाच्या रेल्वेतला गार्ड आठवतो? तुला घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो तेव्हा फलाटावर भेटला. मी त्याला आपल्या बारीबद्दल फुशारकीनं सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे मास्टरजी, ऐसी मंडली तो विलायत में भी है. अखबार में पढ़ा था. सब शराबी बैठते हैं और बारी-बारी से बोलते हैं." माझा चेहरा पडला. मला वाटत होतं, हे जगात आपणच शोधलं. तू मात्र डोळे मोठे करून त्याला विचारलंस, "तिकडं बी तलाव आहेत काय जी?" गार्ड हसला, मी हसलो, आणि तू गाडीत अर्जुनीपर्यंत त्याच विचारात. उतरताना म्हणालास, "म्हंजे त्याइले बी मन होतेच." तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद मी पोरीच्या बारशालाही पाहिला नव्हता.

आता जे कधी बोललो नाही ते. माझी बारी आली की मी म्हणायचो, "मन नाई झालं." दर मंगळवारी. दोन-चार वर्षं झाल्यावर तर जरा ऐटीत म्हणायचो. ते खोटं होतं, दसाराम. मला रोज व्हायचं. शाळेतला माणूस, दोन बुकं शिकलेला, त्यानं न्हाव्या-सुतारापुढं कसं सांगावं की अजून घसा ओढतो? तुला ते कळलं होतं. एकदा बाजाराला जाताना तू मागून म्हणालास, "मास्तर, तुमच्या बारीचं पानी कुठंतरी झिरपून राहिलं." मी पंधरा दिवस तुझ्याशी अबोला धरला. तू मात्र दोन्ही मंगळवारी जातानाही आणि येतानाही माझ्या मागं चाललास, खाकरलास, आणि घराशी मला सोडून गेलास. त्या पंधरा दिवसांची माफी मागायची राहिली. मागतो. पण लगेच हेही सांगतो, की तुझा दुसरा नियम चुकला. साफ चुकला.

कारण दहावा उरकल्यावर पारबतावैनी माझ्यापाशी आली. लोक जेवायला बसत होते. पदर तोंडावर धरून तिनं विचारलं, "मास्तर, तुमी तं त्याइचे रोजचे सोबती. खरंच होतं काय त्याइच्या मनात?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, वैनी."

तुझा नियम पाळला. तुझ्या बायकोच्या तोंडावर खोटं बोलून तुझा नियम पाळला. ती मान खाली घालून वाढायला गेली आणि मी न जेवता निघालो. कुठं निघालो ते पायांना माहीत होतं. भट्टीच्या वाटेला. मागं खाकरणारं कुणी नव्हतं. मी मनात तुला जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या देत होतो, आणि खरं सांगतो, त्यातली एकही 'तुमी' लावून नव्हती.

वळणाच्या दगडावर मंगरू बसला होता. तोच, जंगलात लाकूड तोडणारा, तीन लेकरांचा बाप. तूच आणला होतास त्याला, पुरता महिना झाला नव्हता. मला बघून तो दचकून उठला.

"तू इथं काय करतोस?" मी ओरडलो.

"तुमची राखन कराले आलो जी." तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आनि तुमी?"

"तुझी राखण करायला."

दोघेही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते कळत होतं. तो परत दगडावर बसला आणि रडायला लागला. "मास्तर, जितेपनी मन होत राहते, हे दसारामभाऊनं सांगतलं, ते मी समजलो. पन मेल्यावर बी त्याइले पायजेच होती, तं आमी कायले सोडून राहिलो? कवा सुटन हे?"

 तुला ह्याचं उत्तर आलं असतं, आणि म्हणून त्या क्षणी तुझ्याइतका राग मला जगात कुणाचाच आला नाही. मी फक्त म्हणालो, "मंगळवारी ये." तो म्हणाला, "तोवर?" मी त्याला पुढं घातलं आणि मागून चालत त्याच्या घरापर्यंत गेलो. वळण ओलांडलं तेव्हा खाकरलो. तो मोठ्यानं हसला की रडला, पाठमोरा होता, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरी गेलो आणि तुझा नियम मोडला. वैनीला सगळं सांगितलं. दर मंगळवारचं तुझं वाक्य, नाकावरचा पंचा, चैत्रातली सर्दी. मला वाटलं ती रडेल. ती संतापली.

"मी त्याइच्या नाकासमोर अंगनात मोह वाळू घालत होती मास्तर! आठ वर्सं! खाटेपाशी सुपं ठेवत होती. सुटली म्हने तं मी समजली सुटली. एक डाव सांगतलं असतं, तं मी एक फूल आनलं नसतं घरी. मी काई परकी होती काय?"

ह्याचं उत्तर तू दे.  तू ठरवलं होतंस की साध्या माणसाला आपली चोरी कळत नाही. कळेल कशी, तू कळू दिलीस तर ना! तिला नुसतं सांगितलं असतंस, तर तुझ्या खाटेजवळून ती सुपं त्याच दिवशी उठली असती. एवढं सोपं होतं, आणि तू ते न करता आठ वर्षं त्या वासात झोपत राहिलास. ह्याला मी काय म्हणू? हिंमत म्हणू की मूर्खपणा? मी दोन्ही म्हणतो.

निघताना मी तिला म्हणालो, "वैनी, मंगळवारी पाळीवर या." बाई माणसानं बारीत यायचा रिवाज नाही, असं ती म्हणाली. मी म्हणालो, "रिवाज ज्यानं घातला तो गेला."

काल मंगळवार होता. आम्ही सहाही जण आलो. सगळ्यांचे चेहरे उतरलेले, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाजाराला जाणाऱ्या पोरांनी वाटेवरून 'काव काव' करून घेतलं. वैनी आली आणि चिंचेमागं, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. न्हावी तिच्याकडे बघून माझ्याकडे बघायला लागला, मी त्याला बोल म्हणून खूण केली. तो बोलला. गाडीवान बोलला. सुताराचं झालं, आणि त्याच्या पलीकडच्याचं. मग माझी बारी आली.

"मन झालं," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "दहाव्याच्या दिवशी भट्टीच्या वळणापर्यंत गेलो होतो. नाई पेलो. आणि आजवर दर मंगळवारी मी मन नाई झालं म्हणत आलो, ते सगळं खोटं. दर मंगळवारी झालं होतं."

  मग मी मंगरूकडे वळलो आणि चढ्या आवाजात बोललो, कारण खालच्या आवाजात मला ते जमलंच नसतं. "दसारामला पाहिजे होती, हे सांगायला कावळा कशाला हवा? तो स्वतः सांगत होता, इथं बसून, दर मंगळवारी. कावळ्यानं अर्धंच सांगितलं. नाही पेला, हे त्या कावळ्याला कुठून ठाऊक असणार? ते आपल्याला ठाऊक आहे. ते आपणच सांगायला पाहिजे."

मंगरू सरळ होऊन बसला. "मन झालं," तो म्हणाला. "नाई पेलो."

ओळ संपली. म्हणजे तुझ्या जागेपर्यंत आली. तिथं तुझा बसायचा दगड, रोजच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. उठावं की नाही कुणाला कळेना. मला वाटलं, आपणच बोलावं तुझ्या वतीनं.

तेव्हा चिंचेमागून वैनी पुढं आली. दगडावर बसली नाही. त्याच्याशेजारी उभी राहिली, पदर सारखा केला, आणि आम्हां सहाही जणांकडे सरळ बघत म्हणाली, "त्याइले मन झालं. नाई पेले."

माझा राग गेलेला नाही. जायचाही नाही इतक्यात. पण काल टोकाला पाणी पोचलं, दसाराम.